एटापल्लीत झोप उडाली, कुरखेड्यात लागली

ऊर्जानगर

गडचिरोलीकडे निघालो असं सांगितलं की आमचे नागपूर-पुण्याचे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, "तिकडं कशाला?" यंदा मी उत्तर तयारच ठेवलं होतं. "लोकांना झोपवायला." समोरच्याची पंचाईत व्हायची आणि मला भारी मजा यायची.

उत्तर खोटं नव्हतं हो. आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये मी शिथिलीकरण शिकवते. उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेक अवयव सैल सोडत जायचं. श्वास पाहत बसायला मला लहानपणी बाबांनी चंद्रपूरच्या विहारात शिकवलं. पुढे पुण्याला शिबिर केलं, प्रमाणपत्र मिळालं. ते फ्रेम करून बैठकीत लावलं आणि त्या खिळ्यावरचा लग्नाचा फोटो आतल्या खोलीत गेला.

वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते की मी कुणाला झोप देत नाही. शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. पहाटे अंग थंड पडतं, दुपारी जेवल्यावर डोळे जड होतात, अंधार पडला की आतून निरोप येतो की आता आवरा. श्वास सोडताना लांबवला की छातीची धडधड उतरते, आखडलेले स्नायू सुटतात आणि त्या घड्याळाचं ऐकू येऊ लागतं. माझं काम मधला गोंगाट कमी करायचं. कॉलनीतल्या बाया म्हणतात, शीलाबाईंचा आवाज ऐकला की जांभई येते. ह्याच्याहून मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.

आणि घरात काय? घरात माझे मिस्टर अशोक छताकडे पाहत पडलेले.

सव्वीस वर्षं ते कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसतात. कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी, कधी रात्रपाळी. घरोघरी लागणाऱ्या दिव्यांतला थोडा उजेड माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांसमोरून जातो, हे मी कुठंही, कुणालाही, न विचारता सांगते. पण वर्षभरापासून त्यांची झोप पार गेली होती. रात्रपाळी करून सकाळी यायचे, अंघोळ, नाश्ता, मग फोनवर माझंच अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग लावून पडायचे आणि दुपारी लाल डोळे घेऊन उठायचे. रक्तदाब चढला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि स्पष्ट सांगितलं, "सुट्टी घ्या. परतल्यावर तपासू. असंच राहिलं तर पॅनल सोडावं लागेल. दिवसपाळीला स्टोअरमध्ये बसा." घरी जेवताना ह्यांनी दुसरी पोळी परत ठेवली आणि म्हणाले, "शीला, मी नट-बोल्ट वाटत बसू का आता?"

मला रडू आलं आणि रागही आला. सगळ्या कॉलनीला झोपवणारी मी, आणि नवऱ्यापुढं माझी विद्या फुकट!

माझ्या स्वतःच्या झोपेबद्दल विचाराल तर ती सशाची. मांजर पत्र्यावरून गेलं तरी मी उठून बसते. दूध उतू जायच्या आधी मला पलंगावर कळतं. बायकांची झोप अशीच असायची, म्हणून मी कधी त्याचा विचारही केला नव्हता.

तेवढ्यात एटापल्लीहून बोलावणं आलं. गावोगाव फिरून बाळंतिणी आणि लेकरं सांभाळणाऱ्या आशाताईंना दोन दिवस शिथिलीकरण शिकवायचं होतं. मी ठरवलं, ह्यांना घेऊन जायचं. आधी एटापल्ली, मग ह्यांचं गाव, कुरखेड्याच्या पुढं. पाच-सहा दिवसांत माणूस झोपवून परत आणते, असं मी डॉक्टरांनाही सांगून आले होते.

आष्टीचा पूल

गोंडपिपरीपर्यंत दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं, वेचणी संपत आलेली. आष्टीला चहा-आलूबोंड्यासाठी थांबलो तर माझा थर्मास डिकीत सांडून सगळ्या योगाच्या चटया भिजलेल्या! हॉटेलामागच्या उन्हात त्या पसरल्या. एक आजीबाई बराच वेळ चटई बोटानं चाचपून पाहत होत्या. म्हणाल्या, "मिरच्या वाळू घालाले बरी आहे हे."

"आजी, ह्याच्यावर झोपायचं असतं."

"झोपाले? अवो माय, इतकी पातळ?" आणि माझी दया आल्यासारखं पाहून निघून गेल्या.

आष्टीत शिरतानाच पुलावरून वैनगंगा पाहिली होती. जानेवारीतली नदी, अर्धी पाणी, अर्धी वाळू. आलापल्लीच्या पुढं साग सुरू झाला. ज्यांनी हे रान पाहिलं नाही त्यांना मी एवढंच सांगेन की सरळ उभे साग मैलोगणती पाहिले की आपल्याच जिल्ह्यांबद्दल छाती फुगते. मी काच खाली करून लांब श्वास घेतला. "पहा कसं शांत वाटते," मी म्हटलं. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून झाडीच्या कडेकडे बारीक नजरेनं पाहत होते. "हं," म्हणाले.

एटापल्ली

तीसेक बाया जमल्या होत्या. काही गोंड, बऱ्याचशा माडिया, दोन-तीन आमच्या जयभीमवाल्या. "जय सेवा", "जयभीम" झालं. माझं मराठी माडियात सांगायला सोनीबाई होत्या. पन्नाशीच्या, सगळ्यांत जुन्या आशाताई, बोलायला फटकळ. आदल्याच आठवड्यात त्या एका बाळंतिणीसाठी नाला ओलांडून चालत गेल्या होत्या, आणि हे त्यांनी असं सांगितलं की आपण भाजी आणायला गेलो तेही जरा वाढवून सांगतो.

आधी प्रत्येकीनं शेजारणीची नाडी मोजायची. ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत होती. आकडे फळ्यावर लिहिले. मी ऐटीत सांगितलं, "अर्ध्या तासानं पुन्हा मोजू, मग पहा!"

सगळ्या आडव्या झाल्या. मी सुरू केलं. उजव्या पायाचा अंगठा सैल सोडा, टाच सोडा, पोटरी सोडा. सोनीबाई हळू आवाजात माडियातून सांगत होत्या. श्वास लांबले. मागच्या ओळीत एक बाई चक्क घोरायला लागली. मी फुलून गेले. वाटलं, पुण्यात शिबिर घेणाऱ्या बाईंनी हे पाहायला हवं होतं. मग मी शिबिरातलं माझं सगळ्यांत लाडकं वाक्य घेतलं, आवाज आणखी मऊ केला: "आता कल्पना करा. तुम्ही एका घनदाट जंगलात आहात. एकट्याच. दूरदूरपर्यंत कुणीही नाही..."

सोनीबाई थांबल्या.

"सांगा ना," मी कुजबुजले.

"हे नाई सांगत मी, बाई."

"काऊन?"

"एकटी काऊन गेली म्हनून विचारतील ना!"

पण मराठी कळणाऱ्या बायांचे डोळे तोवर टक्क उघडले होते. एक उठूनच बसली. "कुऱ्हाड नेली का संग?" तिनं विचारलं. दुसरी म्हणाली, "अस्वलाचा टाइम आहे का वाघाचा, ते सांगा पयले." तिसरीनं घोरणाऱ्या बाईला हलवून उठवलं आणि माडियात काहीतरी सांगितलं. ती बिचारी दचकून दाराकडं पाहू लागली. मग जो हसण्याचा गलका उठला, त्यात माझं सगळं शिबिर वाहून गेलं.

तरी नियम म्हणजे नियम. नाडी पुन्हा मोजली. सगळ्यांची चढलेली! फळ्यावर आधीचे आकडे, शेजारी नंतरचे. माझी फजिती खडूनं लिहून ठेवलेली.

"हे जंगल कोनी लिवलं जी?" सोनीबाईंनी विचारलं.

"पुण्यात लिहिलं."

"तिथी वाघ नाई ना?"

"नाही."

"मंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि मला चहा आणून दिला.

चहा पिताना मी विचारलं की मग तुम्हाला विसावा कुठं वाटतो. त्या म्हणाल्या, "आमी मोहफुलं वेचाले पाच-सहाजनी जातो. थकलो का बसतो. पन एकजन उभी राह्यते. ते उभी आहे तवा बाकीच्या बसतात." मी वहीत लिहून घेतलं, एक प्रथा म्हणून. अक्कल तेव्हाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी जंगल काढून टाकलं. बायांनीच ठरवलेलं अंगण घेतलं, ज्यात कुणीतरी धान कांडतंय आणि बाकीच्या भिंतीला टेकल्यात. त्या दिवशी फळ्यावरचे आकडे खाली आले. जेवायला भात आणि वाळवलेल्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी होती. ती मी तीनदा घेतली. निघताना सोनीबाईंनी माझी पाठ थोपटली. "तुमचा आवाज चांगला आहे, बाई. फक्त कुठी नेता ते पाहत जा."

ही फजिती हॉलच्या दारात उभं राहून मिस्टरांनी सगळी ऐकली होती. मला वाटलं, आता वर्षभर चिडवतील. गाडीजवळ आलो तर हे मान खाली घालून किल्ली फिरवत होते.

"शीला, मले बी तिथंच अडकते."

"कुठं?"

"घनदाट जंगलात. तुया रेकॉर्डिंगमधी. तिथवर मस्त जमते. मंग तू एकटा सोडते अन् माहे कान उभे राह्यतात."

मी चंद्रपूर शहरातली पोर, रान पाहायचं ते खिडकीतून. हा माणूस रानाच्या काठावर वाढलेला. त्याला दर सकाळी थकून आल्यावर मी स्वतःच्या तोंडानं, मऊ आवाजात, वाघाच्या हद्दीत पाठवत होते!

"वर्षभर! आणि सांगितलं काऊन नाही तुम्ही?"

"तू भल्ली खुशीत होती. आवाजही चांगला आला होता." मग गाडीचं दार उघडत म्हणाले, "मले वाटलं, दोष माह्याच कानाचा असल."

कुरखेड्याच्या पुढं

आरमोरी गेल्यावर धानाचा मुलूख लागतो. कापलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कडेला ओल्यात पेरलेली लाखोळीची हिरवी डाळ, आणि शेताशेतात धानाच्या पेंढ्यांचे रचलेले पुंजणे, मळणीची वाट पाहत. पूर्वी रानडुकरं यायची, अलीकडे ह्या भागात रानटी हत्तीही येतात. एक रात्र पुरते त्यांना, सगळं वर्ष तुडवून जातात. म्हणून मळणी होईस्तोवर शेतावर जागली असते, माणसं पाळीपाळीनं रात्र जागून काढतात.

आमचे मोठे भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, जागलीलाच होते. सकाळी ते आले ते मी अंगणात बसून पाहिलं. साठी ओलांडलेला माणूस, डोक्याला मफलर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाजवायचा पत्र्याचा डबा. सरळ जाऊबाईंपुढं गेले आणि दोन्ही वस्तू त्यांच्या हातात दिल्या.

"घे."

"घेतलं," जाऊबाई म्हणाल्या. "मी जागी आहो."

भाऊजींनी पाय धुतले, लाखोळीच्या भाजीसोबत चार आयते खाल्ले, म्हणजे आमच्याकडची तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी, आणि उन्हातल्या खाटेवर पडले. मी घड्याळ पाहत होते. पाच मिनिटं झाली नसतील, पोट संथ वरखाली होऊ लागलं. चुलीत लाकूड फुटलं, कोंबड्या भांडल्या, शेजारचा ट्रॅक्टर सुरू झाला. माणूस हलला नाही. अंगठा, टाच, पोटरी काहीच नाही, आणि माझ्या सगळ्या वर्गात कुणाला लागली नाही अशी झोप! शेजारच्या ओट्यावर त्यांचाच सख्खा भाऊ, रात्रभर कूस बदलून तांबारलेले डोळे घेऊन बसलेला.

मी जाऊबाईंना विचारलं, "भाऊजींना तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"जागी आहो म्हनलं. तसं म्हनल्याबिगर ते आडवेच होत नाई. सासरे बी तसेच होते. जागलीवरून आलेल्या मानसाले घरचं कोनीतरी म्हनाच लागते, नाई तं त्याची जागली उतरत नाई."

"लहानपनी मी भावासंग शेतावर जाओ," हे एकदम बोलायला लागले. "भाऊ म्हने, झोप तू, मी जागा आहो. अशी झोप लागे का घरी कवा आनलं ते समजेच नाई."

दुपारी भाऊजी उठले, चूळ भरली आणि आमच्या बोलण्यात येऊन बसले. "तुमच्या प्लांटात कसं करतात रे, अशोक? रातपाळी उतरते तवा?"

"दुसरा येते. चार्ज घेतला म्हनते. रजिस्टरात सही करते."

"मंग?"

"मंग मी घरी येतो."

"अन् घरी कोन काय म्हनते?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या मिशीत हसू आलं. "घरी मोबाईल म्हनते. जंगलात जा म्हनते, एकटा."

भाऊजींना ठसका लागेपर्यंत हसू आलं. जाऊबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळे कधी भरले मलाच कळलं नाही. सव्वीस वर्षं मी त्यांना गरम नाश्ता दिला, पडदे ओढून दिले, पोरांना गप्प केलं. आणि ते एक वाक्य मात्र कधी बोलले नाही. मला ते ठाऊकच नव्हतं. ते बिचारे चार्ज पॅनलवर ठेवून यायचे आणि जागली अंगावर तशीच घेऊन घरी यायचे.

त्याच दुपारी खळ्यावर तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता, त्याच्यावर गोधडी टाकली. फोन घरात ठेवला. "पडा," मी म्हटलं.

"इथं?"

"आजीबाई म्हणाल्या ना, माझी चटई पातळ आहे."

हे पडले. नाडी धरली, चांगलीच वेगात होती. मी सुरू केलं, पण पुण्याच्या भाषेत नाही. "उजवा पाय. बांधीतला चिखल धुतला. अंगठा सुटला. टाच सुटली." श्वास सोडताना लांबवायला लावला. पोटरी, गुडघा, कंबर, खांदे. जिथं एरवी जंगल यायचं तिथं पोचलो आणि त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांना कळलं, नाडी उचल खाते आहे. शरीरानं सवयीनं कान टवकारले होते.

मी वाकले आणि म्हणाले, "भाऊजी शेताच्या कडेला आहेत. जाऊबाई दारात बसल्या आहेत. काठी माझ्याजवळ आहे. झोपा तुम्ही. मी जागी आहो."

एक खोल उसासा आला. आधी जबडा सुटला, मग मूठ उघडली. नाडी माझ्या बोटांखाली हळूहळू लांब पावलं टाकू लागली. ऊन खळ्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलं, गायी घरी आल्या, तरी माझा नवरा झोपलेला होता. जाऊबाई दोनदा डोकावून गेल्या. मी काठी मांडीवर घेऊन बसले होते आणि सांगते तुम्हाला, पुण्यात प्रमाणपत्र घेताना जेवढी ताठ बसले नसेन तेवढी ताठ बसले होते.

पुन्हा ऊर्जानगर

एका झोपेनं माणूस बरा होत नाही, हे मला कळतं. गावातले उरलेले दिवस आणि परतल्यावर रात्रपाळीचा एक सबंध आठवडा आम्ही हाच नेम चालवला. सकाळी आले की डबा आणि हेल्मेट माझ्या हातात. "घे." "घेतलं. मी जागी आहो." शेजारच्या मोहिते वहिनींनी दारातून ऐकलं आणि दोन दिवसांत त्यांच्याही घरात सुरू झालं. जुनं रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. नवं आमच्या बोलीत केलं आणि सोनीबाईंना पाठवलं. त्यांनी ते माडियात स्वतःच्या आवाजात करून परत पाठवलं. मला एक अक्षर कळलं नाही आणि जांभई मात्र आली.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा दोनदा बांधला. पहिल्यांदा आकडा पाहून त्यांचा विश्वास बसला नसावा. "गोळी चालू ठेवा, दर महिन्याला दाखवा," ते म्हणाले. "आणि पॅनलवरच राहा." ह्यांनी घरी येऊन आधी आतल्या खोलीतून लग्नाचा फोटो आणला, बैठकीत दुसरा खिळा ठोकला आणि माझ्या प्रमाणपत्राच्या शेजारी लावला.

त्या रविवारी ह्यांची साप्ताहिक सुट्टी होती. दुपारची जेवणं आटोपली, मी गॅसवर दूध ठेवलं आणि ओट्याजवळ उभी राहिले.

"इकडं ये," हे म्हणाले. माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "लेट."

"कोण, मी? मला काय झालं?"

"सव्वीस वर्सं पाहून राह्यलो मी. मी डोळे उघडले का तू जागीच असते." माझं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली. आधी चुकीच्या जागी, मग बरोबर. "उजवा पाय. अंगठा सुटला. टाच सुटली. शीला, झोप तू. मी जागा आहो."

मला हसू येत होतं. हसू येतंय, एवढंच आठवतं. डावा पाय आलाच नाही.

डोळे उघडले तेव्हा खिडकीत दिवेलागण झाली होती. घरभर करपलेल्या दुधाचा वास. गॅस बंद होता, ओट्यावरून दूध खाली फरशीपर्यंत आलेलं, वाळून पापुद्रा धरलेलं. मोहिते वहिनी येऊन वाटी देऊन गेल्या होत्या. ह्यातलं काही, काही म्हणजे काही मला कळलं नव्हतं. मिस्टर उशाशी खुर्चीवर तसेच बसलेले, हातात माझं मनगट.

"अहो, दूध उतू गेलं!"

"गेलं," हे शांतपणे म्हणाले. "गॅस बंद करून आलो अन् पुन्हा इथीच बसलो. मी तुह्यासाठी जागा होतो, दुधासाठी नाई."